डाव्या चासीचा तडा

ट्रक डांबरी सोडून माझ्या शेडकडं वळला तेव्हाच मला दिसलं, की त्याचं मागचं अंग डावीकडं बसलंय. ड्रायव्हर स्टेअरिंगला छाती लावून, आजारी बैलाला पाण्यावर न्यावं तसा त्याला हळूहळू आणत होता. वर हौदा भरलेला. बायका, बाप्ये, पोरं, पत्र्याच्या पेट्या, भांड्यांची गाठोडी, कोंबड्यांची खुराडी. ऊसतोडीची टोळी होती. हंगाम संपवून बीडकडं, आपल्या गावाला निघालेली.

मिरज-सोलापूर रस्त्यावरच्या आमच्या फाट्यावर तेव्हा चहाचं एक खोपटं, पंक्चरवाला आणि माझं वेल्डिंगचं दुकान, एवढंच होतं. दुकानामागं दोन खोल्या. तिथं मी आणि माझी बायको इंदू राहत होतो. चासी म्हणजे गाडीचा लोखंडी सांगाडा, हौसिंग, पाट्यांचे ब्रॅकेट, जे जे म्हणून अवजड गाडीत तडकतं ते माझ्याकडं यायचं. डिझेलवरचं मशीन असल्यामुळं लाइट गेली तरी माझं काम अडत नसे.

ड्रायव्हर खाली उतरला. हनीफ त्याचं नाव. दरसाल याच रस्त्यानं जायचा, म्हणून ओळखीचा.

"मिस्त्री, मघाशी खड्ड्यात गेली आणि मागं कडकन वाजलं. तेव्हापासून गाडी एका अंगाला ओढतीया."

मी पोतं टाकून खाली सरकलो. तोही शेजारी येऊन पडला. चासीच्या डाव्या पट्टीला, मागच्या चाकाच्या वर, खालच्या काठापासून तडा गेला होता. आधी कुणीतरी तिथंच वरवर एक तुकडा चिकटवलेला; तोही फाटला होता.

"किती गेलाय?" हनीफनं विचारलं.

"दिसतोय तो चार बोटं. पण ब्रॅकेटच्या मागं कुठवर गेलाय, ते उघडल्याशिवाय कसं कळणार?"

तेवढ्यात चाकापाशी दोन पाय येऊन थांबले. चपलांना उसाच्या पाचटाचे बारके तुकडे चिकटलेले.

"किती टाइम लागंल?" वरून आवाज आला.

"गाडी रिकामी करायची, जॅकवर घ्यायची, ब्रॅकेट काढायचा. उद्या सकाळ होईल."

तो माणूस वाकला. तिशीच्या आतबाहेरचा, डोळे तांबारलेले. भागवत. टोळीत त्याचाच शब्द चालत होता.

"उद्या नाय जमायचं. आज रातच्याला आमाला गावात पोचायचंय."

"सगळ्यांनाच पोचायचं असतं," मी कामाच्या नादात बोलून गेलो.

 त्यानं हौद्याकडं हात केला. मग म्हणाला, "मिस्त्री, जरा वर चढून बघा."

मी चाकावर पाय देऊन हौद्यात डोकावलो. केबिनच्या अंगाला वाकळांच्या घडीवर एक म्हातारा झोपवलेला होता. हाडांवर नुसतं कातडं. त्याचं डोकं म्हातारीच्या मांडीवर होतं आणि ती ओल्या फडक्यानं त्याचे ओठ टिपत होती. ते भागवतचे आईबाप, आश्रुबा आणि गयाबाई.

"गळ्यात गाठ झालीया," भागवत मागून म्हणाला. "कारखान्यावरच्या डाक्टरनं सांगितलं, घरी न्या. किती दिस झाले, घास उतरत नाय. पाणी चमच्यानं पाजतोय. आबाला घरात जाऊन पडायचंय, बास. त्येनं एवढ्या हंगामांच्या कष्टानं दगडी घर बांधलंय डोंगरात. पण सहा महिने त्याला कुलूप आन सहा महिने आमी. आबा म्हनतो, एकदा माझ्या पायानं दारातनं आत जाऊ द्या, मंग काय व्हायचं ते होऊ द्या."

आम्ही आश्रुबांना वाकळेच्या झोळीत घालून खाली उतरवलं. इंदूनं चिंचेच्या सावलीत बाज टाकली, अंगणात पाणी शिंपडलं. भागवतनं विचारलं, इथं जीप मिळंल का. फाट्यावर दोन जिपा होत्या, पण लग्नसराई होती. दोन्ही वऱ्हाड घेऊन गेलेल्या. दिवस मावळल्याशिवाय येणार नव्हत्या. मग तो रस्त्यावर जाऊन उभा राहिला. सोलापूरकडं जाणाऱ्या दोन-तीन ट्रकांना त्यानं हात केला. मरायला टेकलेला माणूस गाडीत आहे म्हटल्यावर कुणी घ्यायला तयार झालं नाही.

तो परत आला तोपर्यंत मी नि हनीफनं टोळीकडून निम्मी गाडी रिकामी करून घेतली होती.

"मिस्त्री," तो म्हणाला, "वरून एक पट्टी मारा. जेवणवेळेपर्यंत होईल का नाय?"

"होईल."

"मंग मारा. म्होरं काय झालं तर जबाबदारी माझी."

"जबाबदारी घेतली म्हणून चासी धरत न्हाई, दादा. रस्त्यात घाट हाय."

"घाटात मी समद्यांना उतरवतो. चालत चढतील."

"पोरं? म्हाताऱ्या? आणि खड्डा काय घाटातच असतो व्हय?"

त्यानं हनीफकडं पाहिलं. हनीफ नटबोल्ट पुसत मान खाली घालून बसला. मग भागवत एकदम खाली बसला आणि त्यानं माझे पाय धरले. भर उन्हात, सगळ्या टोळीदेखत. त्याची बायको मीरा दोन पोरांना धरून उभी होती, तिनं तोंड फिरवलं.

"माजा बाप हाय वो," तो म्हणत होता. "लई नाय मागितलं त्यानं आमाला कधी. येवढंच मागितलंय."

मी त्याला उठवलं. खरं सांगतो, माझा निश्चय तिथंच ढिला पडला. मी शेडमध्ये गेलो, लोखंडाची एक पट्टी शोधली, मापानं कापली. होल्डरला रॉड लावला. इंदू दारात उभी राहून बघत होती. मी पट्टी घेऊन बाहेर निघालो तेव्हा तिनं वाट सोडायला जरा उशीर केला.

मी गाडीखाली जाणार एवढ्यात गयाबाई आली.

"मिस्त्री, म्हातारा बलावतोय तुमाला."

मी बाजेपाशी जाऊन उकिडवा बसलो. आश्रुबांचा आवाज म्हणजे नुसता वारा. कान तोंडाशी न्यावा लागत होता. पण डोळे अगदी स्वच्छ होते.

"गाडीला काय झालंय?"

मी सांगितलं.

"पट्टी मारली तर जाईल?"

"जाईल, आबा. कुठवर जाईल ते सांगता येत न्हाई. घरापतूर बी जाईल."

"आन नाय गेली तर? कशी मोडंल?"

एवढ्या हंगामांत या माणसानं किती गाड्या मोडताना पाहिल्या असतील. त्याच्याशी खोटं बोलण्यात अर्थ नव्हता. "चासी तुटली की मागचं धूड आडवं होतं," मी म्हणालो. "वरची माणसं खाली येतात."

त्यांनी डोळे मिटले. पलीकडं गाडीतून उतरवलेल्या सामानात पोरांनी खेळ मांडला होता. त्यांचा कालवा चालला होता. आश्रुबा तो ऐकत असावेत.

"तुला लेकरं हायती?"

"एक पोरगी. लगीन झालं."

"ती बसायची असती ह्या गाडीत, तर काय केलं असतंस?"

"ब्रॅकेट खोलून, तडा कुठवर गेलाय ते बघितल्याबिगर सोडली नसती."

"मंग तसंच कर."

"पण आबा, तुम्हाला आजच..."

"माझं मी बघतो," आश्रुबा म्हणाले.

मी उठलो. भागवतला काय सांगावं, हे सुचत नव्हतं. पट्टी हातात तशीच होती. तेवढ्यात मागून गयाबाईचा आवाज आला, जरा चढलेला.

"अवं, भूक लागली म्हंतेत! भाकर मागतेत!"

इंदू धावत बाहेर आली. "दुधात कुस्करून देऊ?"

आश्रुबांनी मान हलवली. "कोरडीच दे," ते म्हणाले. "दाताखाली आली पायजे."

इंदूनं चूल पेटवली. गरम ज्वारीची भाकरी, वर चिमूटभर मीठ नि तेल. ताट बाजेवर ठेवलं. गयाबाई त्यांना टेकू देऊन समोर बसली, माश्या येऊ नयेत म्हणून तिनं दोन्ही हातांनी पदर पुढं धरला. आश्रुबांनी तुकडा मोडला, तोंडात घातला. त्यांचा जबडा हलताना मी लांबून पाहिला. सावकाश, चव घेत घेत, जेवायला बसलेला माणूस खातो तसे ते खात होते.

भागवत गाडीपासून पळत आला. "आबा! जातोय का घास खाली?"

आश्रुबांनी हात वर केला. बोलायला तोंडात घास होता. मग मान वळवून, पदराआड जरा थांबून म्हणाले, "जातोय. गाठ बसली वाटतं."

टोळीतल्या बायका गोळा झाल्या. कुणी तरी म्हणालं, जागा बदलली की कधी कधी असं होतं, इथलं पाणी मानवलं. भागवत एकदम रडायला लागला, आणि रडता रडता हसायला लागला. त्यानं धाकट्या पोराला उचलून आजोबासमोर धरलं. "बघ, आबा जेवतेत!" मग तो माझ्याकडं आला. माझ्या हातातली पट्टी त्यानंच काढून घेतली आणि शेडच्या भिंतीला टेकवून ठेवली.

"करा मिस्त्री. नीट खोलून करा. उद्या तर उद्या."

 छातीवरून एखादी गाडी उतरावी तसं झालं. मी मनापासून कामाला लागलो. गाडी जॅकवर घेतली, खाली लाकडी ओंडके दिले, बॅटरीची वायर सोडवली. ब्रॅकेटचे बोल्ट गंजलेले, गॅसनं तापवून काढावे लागले. ब्रॅकेट निघाला तेव्हा मी टॉर्च मारली आणि हनीफला हाक मारली.

तडा ब्रॅकेटच्या मागून थेट वरपर्यंत गेला होता. वरच्या काठाशी दोन बोटं लोखंड शाबूत होतं. सगळी गाडी, ती सगळी माणसं, त्या दोन बोटांवर आली होती.

हनीफनं कानाच्या पाळ्यांना हात लावला. "मालिक," एवढंच म्हणाला.

तड्याच्या टोकाला मी ड्रिलनं भोक पाडलं, म्हणजे तो पुढं पळत नाही. मग ग्राइंडरनं चीर दोन्ही अंगांनी उघडली आणि भरायला घेतली. हे काम घाईचं नसतं. एकदम लांब टाका ओढला, तर लोखंड ताणतं आणि शेजारी नवा तडा धरतं. थोडं भरायचं, थांबायचं, निवू द्यायचं, दुसऱ्या अंगानं थोडं भरायचं. निवेपर्यंत मी बाजेपाशी जाऊन बसत होतो. आश्रुबा माझ्याशी बोलत होते. गाडीचं विचारलं, मग घरचं काहीबाही सांगत राहिले. मधे मधे दम लागे, पण बोलायची त्यांना हौस आली होती. ऊन कललं तेव्हा त्यांनी आणखी एक भाकरी मागितली. इंदूनं हसत हसत थापली. तीही त्यांनी तशीच, गयाबाईच्या पदराआड, सावकाश खाल्ली.

भागवत एव्हाना पार निवांत झाला होता. टोळीनं अंगणात तीन दगडांच्या चुली मांडल्या होत्या. मीरा इंदूला त्यांच्याकडची बाजरीची भाकरी कशी थापतात ते दाखवत होती. माझ्या अंगणात इतकी माणसं, इतकं बोलणं, पोरीच्या लग्नानंतर कधी झालं नव्हतं.

दिवेलागणीच्या सुमाराला मी आतल्या अंगाचा शेवटचा थर भरत होतो. मशीनचा धडधडाट, तोंडावर काच. काचेतून त्या निळ्या ठिणगीशिवाय दुसरं काही दिसत नाही. रॉड संपला म्हणून मी काच वर केली आणि गाडीखालून बाहेर बघितलं. सगळी टोळी माझ्याकडं पाठ करून उभी होती. पोरंसुद्धा. कुणी हलत नव्हतं. मी मशीन बंद केलं तेव्हा रडण्याचा आवाज माझ्यापर्यंत पोचला.

आश्रुबा गेले होते.

मी बाजेपाशी पोचलो, तर भागवत माझ्यावर धावून आला. त्यानं माझी गचांडी धरली.

"बरा होत होता माजा बाप! दोन भाकरी खाल्ल्या त्येनं! दुपारलाच सोडलं असतं, तर ह्या टायमाला बार्शी गाठली असती. घरात गेला असता. चालत गेला असता!"

"भागवत, सोड," हनीफ मधे पडला. "अरे, तडा बघितलास का तू? मी बघितलाय."

"मला नगा सांगू तडा! परक्याच्या अंगणात मारला माजा बाप. सावकाश, सावकाश करून मारला." त्याचा आवाज फाटला. "जित्ता न्यायचा होता मला. जित्ता."

 मलाही तसंच वाटत होतं. जो माणूस दुपारी सुधारत होता, त्याला वेळेत घरी पाठवणं माझ्या हातात होतं. मी पट्टी मारली नाही, आणि तो गेला. तडा काही खोटा नव्हता, पण त्या घडीला तो तडा मला आठवतसुद्धा नव्हता.

थोड्याच वेळात फाट्यावरची जीप लग्नाहून परत आली. बॉनेटवर झेंडूच्या माळा, आरशाला फुगे. जीपवाल्यानं काय झालंय ते बघितलं आणि आपल्या हातानं माळा तोडून टाकल्या. ठरलं, की भागवत आणि गयाबाई मढं घेऊन जिपेतून पुढं जातील; टोळी उद्या गाडी झाली की निघेल.

बाप्ये जिपेची मागची बाकं काढत होते तेव्हा गयाबाई आमच्या रांजणापाशी आली. तोपर्यंत ती रडली नव्हती. तिनं मला खुणेनं बोलावलं. इंदू तिथंच होती.

"हात धुवायचा हाय," ती म्हणाली. "पर आदी ह्ये कुठं ठिवू, ते सांगा."

तिनं कमरेला खोचलेला पदर सोडला. पदरात भाकरी होती. चावून लगदा झालेली, गोळे गोळे, काही वाळलेले, काही अजून ओले. दोन्ही भाकऱ्या.

मला आधी कळलंच नाही. मी तिच्या तोंडाकडं बघत राहिलो.

"येक घास उतरला नाय," गयाबाई म्हणाली. "पाणीबी उतरत नव्हतं, भाकर कशी उतरंल? तुमच्याशी बोलले आन मला म्हनले, पदर धर. मी धरला. चावायचं आन पदरात टाकायचं. तोंडाला मीठ लागलं तरी आग व्हायची त्येंच्या. डोळ्याला पाणी आलं, की मी पुसायची."

इंदूनं तोंडाला हात लावला.

"लेक ऐकला नसता," गयाबाई पुढं म्हणाली. "तुमच्या पाया पडला, तुमचं मन पघळलं असतं. म्हनून भाकर खाल्ली. आजची रात निघणार नाय, ह्ये त्येंना ठावं होतं. मला म्हनले, गया, दार ऱ्हायलं, ऱ्हाऊ दे."

मी भागवतला हाक मारायला वळलो. गयाबाईनं माझं मनगट धरलं. उसाच्या मोळ्या बांधणारा हात होता तो. मला सोडवता आला नसता.

"त्याला सांगू नगा."

"आई, त्याला वाटतंय..."

"वाटू द्या. त्याला कळलं, का बापानं त्याच्या लेकरांपायी घराचं दार सोडलं, आन आपुन येड्यावानी हसत हुतो समोर, तर तो सोताला खाईल. मी वळखते माज्या लेकराला. तुमच्यावर राग धरला, तर जगंल." तिनं मनगट सोडलं. "तुमी परके. दोन रोजानं विसराल. लई मागतेय मी, मला कळतंय. पर मागतेय."

मी मान डोलावली आणि इंदूकडं बघितलं. तिनं पुढं होऊन दोन्ही हातांची ओंजळ केली. गयाबाईनं पदर तिच्या ओंजळीत रिकामा केला, हात धुतले, तोंडावर पाणी मारलं आणि जिपेकडं गेली. जीप हलली तेव्हा मात्र तिचा हंबरडा फुटला. फाट्यावरून वळेपर्यंत तो ऐकू येत होता.

त्या रात्री मी काम थांबवलं. सकाळी बाकीचं भरलं, वरून आधाराची पट्टी बोल्टांनी आवळली, ब्रॅकेट बसवला. टोळी मुकाट्यानं गाडीत चढली. मीरा इंदूच्या पाया पडली. माझ्याकडं तिनं बघितलं नाही. पोरं हौद्याच्या मागच्या फळीला लटकून हात हलवत होती. पुढं हनीफनं एका ड्रायव्हरजवळ निरोप पाठवला, की गाडी घाट चढून गेली, काही आवाज केला नाही.

भागवत पुढं मुकादम झाला. त्याच्या शब्दावर चालणाऱ्या गाड्या वाढल्या. त्या सगळ्या माझ्या दारावरून जायच्या आणि एकही थांबायची नाही. चहाच्या खोपटात तो एकदा दोन ड्रायव्हरांना सांगत होता, हा मिस्त्री माणसाचा जीव बघत नाही, लोखंड बघतो. मी पलीकडंच बसलो होतो. त्याला दिसलो होतो, म्हणूनच तो मोठ्यानं बोलला. इंदू त्या दिवशी माझ्यावर चिडली.

"एकदा सांगून मोकळं व्हा की. तुमच्या नावाला माती लागतीया."

"म्हातारीला शब्द दिलाय."

"तिला काय कळणार हाय तिकडं डोंगरात?"

 इंदूनं पुन्हा विषय काढला नाही. पण हंगाम सुटला, की बीडच्या गाड्या जायला लागत, तेव्हा ती रस्त्याकडच्या अंगाला येत नसे.

बऱ्याच वर्षांनी, रस्ता रुंद करायचं काम चालू झालं त्या उन्हाळ्यात, एसटीतून एक माणूस उतरला आणि धुरळ्यातून माझ्याकडं चालत आला. डोकं तासलेलं, त्यावर टोपी. जवळ येईपर्यंत मी ओळखलं नाही. भागवत होता. अंगानं भरला होता, मिशा पिकल्या होत्या.

मी स्टूल पुढं केलं. तो बसला. इंदूनं पाणी आणलं, ते प्यायला.

"आई गेली," तो म्हणाला. "जाताना म्हनली, फाट्यावरच्या मिस्त्रीला सांगून ये. का, ते नाय सांगितलं."

"कशानं गेल्या?"

"म्हातारपणानं. झोपेतच. घरातच गेली." मग त्यानं रांजणाकडं बघितलं. "त्या दिशी ती तुमच्याशी बोलत हुती, रांजणापाशी. मी जिपेतनं बघितलं हुतं. काय म्हनत हुती?"

इंदू दारात उभी होती. तिची नजर मला पाठीवर जाणवत होती. ज्या म्हातारीला शब्द दिला, ती आता नव्हती. समोरचा माणूस आता पोर नव्हता. मी बोललो असतो, तर कुणी मला बोल लावला नसता.

"म्हणाल्या, पोरगं रागात हाय, मनावर घेऊ नका," मी म्हणालो.

त्यानं मान हलवली. "लई बोललो मी तुमाला. नंतर बी बोललो."

"बाप गेल्यावर माणूस बोलतं."

तो हातातला रिकामा तांब्या फिरवत राहिला. मग माझ्याकडं न बघता म्हणाला, "आबा तुमच्याशी बोलत बसले हुते दुपारभर. आमच्याशी कधी इतकं बोलले नाय. माझं काय काढलं का त्येनी?"

हे मात्र माझ्याजवळ होतं, आणि ते द्यायला मला कुणी मना केलं नव्हतं.

"काढलं," मी म्हणालो. "तू शाळेत हुशार होतास, ते सांगितलं. मास्तर घरी आले होते म्हणे, पोराला शाळेला गावातच ठेवा म्हणत होते. त्यांनी ऐकलं न्हाई. तुला हंगामाला नेलं, कोयता दिला. पहिल्या दिवशी तुझ्या तळहाताला फोड आले होते. सांजच्याला पाचटाच्या कोपीत तू झोपल्यावर ते तुझे हात मांडीवर घेऊन फुंकर घालत बसले होते. ते मनातनं कधी गेलं न्हाई म्हणाले. पोराला ठाऊक न्हाई, झोपला होता, असं म्हणाले."

भागवतनं टोपी काढली. तासलेल्या डोक्यावरून हात फिरवला. 

"मी जागा हुतो, मिस्त्री," तो म्हणाला. "झोपल्याचं सोंग केलं हुतं. जागा हाय कळलं असतं, तर त्येनं हात सोडलं असतं."

तो उठला. एसटी यायला अजून बराच वेळ होता, तरी तो रस्त्याकडं चालू लागला.